पोळी, भात आणि माझं शहाणपण

परवा ऑफिसात एका सहकाऱ्याचा वाढदिवस होता. केक, वेफर्स, सामोसे असा नेहमीचा सरंजाम. सगळ्यांच्या हातात कागदी डिश गेल्या आणि आमच्या अकाउंट्समधल्या एका तरुण मुलाने मान हलवून नको म्हटलं. "मी कार्ब्ज सोडलेत," तो म्हणाला. आमच्या गावाकडे लोक ज्या सुरात "मी माळ घातलीय" म्हणायचे, अगदी त्याच सुरात. मग व्हायचं तेच झालं. किती किलो गेले, भात पूर्ण बंद का, केळं चालतं का, आंब्याचं काय करणार... पाच मिनिटांत त्या मुलाभोवती प्रवचनाला बसल्यासारखी माणसं जमली. ज्याचा वाढदिवस होता तो बिचारा सुरी हातात घेऊन बाजूला उभा.

मी मात्र गप्प होतो. मला ओळखणारे सांगतील की ही तशी दुर्मिळ घटना. पण खरं सांगायचं तर त्या मुलाच्या जागी मला मीच दिसत होतो. चार वर्षांपूर्वी असाच एक सामोसा मी नाकारला होता आणि असंच प्रवचन दिलं होतं. त्याचा शेवट कुठे झाला ते आठवलं, की अजून पोटात गोळा येतो. तेव्हा आज हे सगळं एकदा लिहूनच काढतो.

तर झालं असं. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीची वार्षिक तपासणी होती. वजन ८४, उंची पाच फूट सहा इंच, आणि एचबीए१सी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या दारात चपला काढून उभा. डॉक्टरांनी कागदावर तीन ओळी लिहिल्या: वजन कमी करा, चाला, गोड-पिठूळ कमी करा. मी घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. 'कमी करा' हा शब्द मला कधीच झेपलेला नाही. एक सोडला तर दुसरा बिस्किटाचा पुडा फोडणारा माणूस मी, मला 'बंद करा' जास्त सोपं वाटतं. तिथे मला कार्ब्जचा शोध लागला.

सिद्धांत सुटसुटीत होता. पोळी-भात खाल्ला की रक्तात साखर वाढते, साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन असलं की चरबी साठते आणि साठलेली बाहेर येत नाही. म्हणून पोळी-भात बंद. वाक्यात कुठेही 'पण' नाही, 'परंतु' नाही. असं निर्मळ, सरळ तत्त्वज्ञान मिळालं की आमच्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला केवढा दिलासा वाटतो म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद, भात बंद, पोहे, उपमा, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. दोन अंडी, पनीर, कोशिंबीर, भाज्या, दही, मूठभर शेंगदाणे. पहिल्या दहा दिवसांत तीन किलो गेले. मी वजनकाट्यावर उभा राहून बायकोला हाका मारल्या. ती आली, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान. आता कणकेचा डबा कोण संपवणार?"

ते तीन किलो काय होते हे मला फार पुढे कळलं. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. आणि ही साखर कोरडी राहत नाही. एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते. कार्ब्ज तोडले की शरीर आधी हे कोठार रिकामं करतं आणि त्याबरोबरचं पाणी निघून जातं. म्हणजे पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो उतरतात, त्यात चरबी अगदी थोडी, पाणीच जास्त. एके दिवशी लग्नात जेवलात की ते पाणी परत येतं आणि माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, "एका जिलबीने दोन किलो वाढले!" जिलबी काही दोन किलोची नसते हो. पण हे गणित माहीत नसलं की पहिल्या आठवड्यात माणूस भक्त होतो आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नास्तिक.

तर मी भक्त झालो. पाच महिन्यांत नऊ किलो गेले. पँटा सैल झाल्या, जिने चढताना धाप लागेनाशी झाली. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण त्याबरोबर मी एक असह्य माणूस झालो. दुसऱ्याच्या डब्यात डोकावून "एवढी पिठं?" म्हणू लागलो. मेहुणीच्या डोहाळजेवणात तिच्या सासूला इन्सुलिन समजावून सांगितलं. लोकलमध्ये वडापाव खाणाऱ्या अनोळखी माणसाकडे करुणेने पाहू लागलो. तसा वडापाव हा प्रकार बघण्यासारखाच आहे म्हणा. बटाट्याभोवती बेसन, बेसनाभोवती पाव. पण तो माणूस सकाळी साडेपाचला घरातून निघालेला असतो आणि त्या पैशांत तेवढं पोट भरणारं दुसरं काही त्याला त्या फलाटावर मिळत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात येत नव्हतं.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी मला एकदा याच मुद्द्यावर गार केलं होतं. त्यांचेही गुडघे दुखतात, वजनही आहे. मी म्हटलं, "मावशी, पोळ्या कमी करा." त्यांच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असायची. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, मग पोट कशानं भरू?" मी पनीर म्हणालो नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते फुकट आहे. पण ते धान्य आहे, गहू-तांदूळ. डाळ, दूध, अंडी बाजारातून आणायची, स्वतःच्या खिशातून. गरिबाच्या ताटात कार्ब्ज जास्त असतात ते त्याला इन्सुलिन माहीत नाही म्हणून नव्हे. भूक भागवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच आहे म्हणून.

पण मी तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आणि आता त्या गोष्टीकडे येतो, जी सांगायला मी इतका वेळ लावतोय.

माझी आई रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी एकटी असते. तेव्हा ती ७६ वर्षांची होती. मधुमेह पंधरा वर्षांपासून, पण गोळ्यांवर व्यवस्थित. आमचं घर भाताचं. सकाळी पेज किंवा मऊभात, त्यावर तूप-मेतकूट, दुपारी आमटी-भात, रात्री पुन्हा भात आणि कुळथाचं पिठलं. घरात पोळ्या केल्या तरी शेवटी दोन घास भाताचे खाल्ल्याशिवाय जेवण झालं असं आई कधी मानत नाही. बाबा गेल्यावर तिचं खाणं कमी झालं, पण रात्रीचा भात सुटला नाही.

मी रोज रात्री तिला फोन करायचो. पूर्वी आमच्या बोलण्यात पाऊस, शेजारपाजार, कोणाच्या फणसाला किती फळं धरली असले विषय असायचे. त्या दिवसांत एकच विषय होता. माझं वजन, माझी साखर, माझे कार्ब्ज. "आई, तुझा भात म्हणजे नुसती साखर आहे. मी बघ, पाच महिन्यांत कुठल्या कुठे आलो." ती "हो रे, हो रे" म्हणायची. मला वाटायचं, ऐकते आणि सोडून देते. आयांना मुलांच्या बोलण्याची सवय असते.

ती सोडून देत नव्हती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, तिने कोणाला न सांगता रात्रीचा भात बंद केला. नुसती भाजी आणि ताक. आणि जेवणाआधीची साखरेची गोळी मात्र रोजच्यासारखी, न चुकता. तिचं म्हणणं साधं होतं: गोळी डॉक्टरांनी दिलीय, ती कशी चुकवायची? भात मुलाने बंद सांगितलाय, तो कसा खायचा?

चौथ्या रात्री, पहाटे कधीतरी, ती बाथरूमला उठली आणि दारातच बसली. घामाने भिजलेली, हात कापतायत, आपण कुठे आहोत ते कळेना. नशीब बलवत्तर म्हणून कोपऱ्यावरचं भांडं तिच्या हाताने खाली पडलं आणि शेजारच्या वहिनींना आवाज गेला. वहिनींच्या सासऱ्यांनाही साखर, त्यामुळे त्यांच्याकडे मशीन होतं. आकडा आला ४८. आई गिळू शकत होती म्हणून त्यांनी तिला साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षाने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मला फोन आला तेव्हा सहा वाजले होते. मी मिळेल त्या गाडीने निघालो. तो प्रवास मी कसा केला ते मला नीट आठवत नाही. खिडकीबाहेर सगळीकडे लावणी झालेली भाताची हिरवीगार शेतं होती, एवढं मात्र आठवतं.

तिथले डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी ओरडाही केला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, "काका, ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. समोर जेवण आहे की नाही हे गोळी बघत नाही. जेवण निम्मं केलं आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर खालीच जाणार. आणि या गोळीचा असर लांबतो, म्हणून सलाइन लावून दिवसभर लक्ष ठेवायला लागेल." मग थोडं थांबून म्हणाले, "भात कमी करायला हरकत नव्हती हो. फक्त आधी मला एक फोन करायचा."

बस्स, एवढंच. एक फोन. सहा महिने मी शेकडो फोनवर माझं शहाणपण सांगत होतो, आणि हा एक फोन करायचा राहिला होता.

आईला दुसऱ्या दिवशी घरी आणलं. तिने मला काही म्हणजे काही म्हटलं नाही. उलट वहिनींना सांगत होती, "त्याचं चांगलंच झालंय हो, माझंच चुकलं." ते ऐकून मी पडवीत जाऊन बसलो.

त्यानंतर मी कार्ब्जवर बोलणं बंद केलं आणि वाचणं सुरू केलं. उलट्या क्रमाने केलं म्हणायचं, पण केलं.

पहिली गंमत ही कळली की माझा शोध १६० वर्षांपूर्वी लागून गेलेला होता. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या प्रतिष्ठित घराण्यातला. तो इतका जाड झाला की बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटं, मागे मागे उतरायचं. एका डॉक्टरने त्याला पाव, साखर, बटाटा, दूध, बिअर सोडायला सांगितलं. वर्षभरात त्याचं वीस किलोच्या आसपास वजन उतरलं आणि १८६३ साली त्याने ते सगळं एका पुस्तिकेत छापून लोकांना वाटलं. ती पुस्तिका एवढी गाजली की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही त्याच्या नावावरून आलेलं क्रियापद वापरतात. म्हणजे वजन कमी झालं की माणसाला ते जगाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हा रोगही १८६३ पासूनचा आहे. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्सनी तेच नव्याने सांगितलं आणि २००३-०४ च्या सुमारास निम्मी अमेरिका पाव सोडून बसली होती. २००५ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी दिवाळखोरीत गेली. लाट आली तशी ओसरली. माणसं होती त्याच वजनाला परत गेली असावीत, निदान माझा अनुभव तसाच आहे. त्याच्याकडे येतोच.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. तो जो सुटसुटीत इन्सुलिनचा सिद्धांत, तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने २०१५ मध्ये १९ स्थूल माणसांना अक्षरशः कोंडून ठेवून, घास न् घास मोजून खायला घातलं. एकदा त्यांच्या कॅलरी कार्ब्ज कमी करून घटवल्या, एकदा तेवढ्याच कॅलरी स्निग्ध पदार्थ कमी करून. कार्ब्ज घटवल्यावर इन्सुलिन खरंच कमी झालं. पण शरीरातली चरबी? कार्ब्ज कापल्यावर रोज सरासरी ५३ ग्रॅम गेली आणि स्निग्ध कापल्यावर ८९ ग्रॅम. म्हणजे इन्सुलिन हललं नाही तर चरबी हलत नाही, हे काही खरं नाही. प्रयोग सहा-सहा दिवसांचाच होता हेही सांगायला हवं. पण २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांवर वर्षभराचा प्रयोग केला. निम्म्यांना कमी कार्ब्ज, निम्म्यांना कमी स्निग्ध. दोन्ही गटांना एक गोष्ट समान सांगितली: साखर-मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरचं खा. वर्षाअखेरीस एका गटाचे सरासरी ६ किलो उतरले, दुसऱ्याचे ५.३. फरक नगण्य. पण प्रत्येक गटात काहींचे पंचवीस किलोच्या वर उतरले आणि काहींचं चक्क वाढलं. माणूस कुठल्या गटात आहे यापेक्षा त्याला ते खाणं किती पेलतं, हाच खरा प्रश्न होता.

मला यावरून आपल्याकडचा २०१८-१९ चा काळ आठवला. घराघरांत तेव्हा दोन पक्ष होते. एक दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. दुसरा दिवेकरांचा, दर दोन तासांनी थोडं खा, भात खा, तूप खा. दोन्ही सल्ले एकमेकांच्या बरोबर उलट. आणि आमच्या ऑफिसात दोन्हीकडची बारीक झालेली माणसं होती! तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटतं, दोघांच्याही अनुयायांनी नकळत एक गोष्ट सारखीच केली होती. चार वाजताची बिस्किटं, टीव्हीसमोरचं फरसाण, सहज म्हणून घेतलेलं कोल्ड्रिंक, हे दोन्ही पक्षांत बंद झालं होतं. माझ्याही कार्ब्ज-त्यागात खरं काम त्यानेच केलं असणार. पोळीचं नाव घेऊन मी प्रत्यक्षात ग्लुकोजची बिस्किटं, शेव आणि दिवसाचे पाच गोड चहा सोडले होते. वर प्रथिनं वाढल्यामुळे भूक कमी लागत होती. श्रेय मात्र सगळं इन्सुलिनला दिलं.

मग कार्ब्जचं काहीच नाही का? तुम्ही म्हणाल, शेवटी आईच्या प्रसंगामुळे हा गडी भाताच्या बाजूचा झाला. तसं नाही. इथेच मला माझं मत सांगायचंय.

आपल्या ताटात कार्ब्ज जास्त आहेत, हे मला पूर्ण मान्य आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२५ मध्ये आलेला आकडा असा, की आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्जमधून येतात. त्याच परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात म्हटलंय की धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत असावी. आता आपलं जेवण आठवा. पोळी, तिच्याबरोबर बटाट्याची भाजी, मग भात, भातावर पातळ वरण, ज्यात डाळ वाटीच्या तळाशी शोधावी लागते. उपवासाला 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याला थोडीफार अब्रू आहे ती शेंगदाण्याच्या कुटामुळे. शेतात दिवसभर राबणाऱ्या शरीरासाठी हे ताट ठीक होतं. माझे आजोबा असंच जेवायचे आणि काटकुळे होते. मी तेच ताट घेऊन आठ तास खुर्चीत बसतो.

त्यात आपली शरीरंही जरा फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून जाड, हे आपलं राष्ट्रीय वैशिष्ट्य. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" म्हणून मराठी माणसाने निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

आणि एक जाता जाता. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, पांढऱ्या तांदळाऐवजी नाचणी, एवढा बदल करून पुष्कळ लोक कार्ब्ज कमी केल्याचं समाधान मिळवतात. भाकरी उत्तमच, मला प्रिय आहे, तंतू जास्त, पोटाला आधार. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब्ज साधारण गव्हाच्या पिठाएवढेच. त्या २०२५ च्या अभ्यासातही हेच आलं, की नुसतं एक धान्य काढून दुसरं घालण्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण धान्य थोडं कमी करून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दूध-दही आलं, तर दिसतो. खरी मेख या 'तिथे काय आलं' मध्ये आहे. पोळी काढलीत, ठीक. जागा रिकामी ठेवलीत तर रात्री अकराला फ्रिज उघडणार. तिथे चिवडा आला तर आगीतून फुफाट्यात. तिथे वाटीभर दाट उसळ आली तर कुठे काम झालं.

म्हणून माझं मत आता असं आहे. वजन कमी करायला कार्ब्ज कमी करणं हा आपल्यासाठी चांगला रस्ता आहे, कारण आपल्याकडे कमी करण्यासारखं तेच सगळ्यात जास्त आहे. पण तो रस्ता आहे, धर्म नव्हे. भात पापी नाही आणि पनीर पुण्यवान नाही. जे आयुष्यभर करता येणार नाही ते पाच महिने करून फक्त फोटो काढता येतात.

हे मी अनुभवावरून सांगतो. आईच्या त्या प्रसंगानंतर माझा संन्यास सुटला. नऊपैकी सहा किलो वर्षभरात परत आले. लोकांनी विचारायचं बंद केलं, जे त्यांनी आधीच करायला हवं होतं. मग मी डॉक्टरांच्या त्या मूळच्या तीन ओळींकडे वळलो. मला न झेपणारा 'कमी करा' हा शब्द शिकायला घेतला, या वयात. दोन पोळ्यांची एक केली. भात एक लहान वाटी, तोही दुपारी. वरण दाट, किंवा उसळ. ताटात कोशिंबीर आधी. चहा बिनसाखरेचा, ही मात्र खरी तपश्चर्या. संध्याकाळी चालणं. आठवड्यातून एकदा बायकोच्या हातचं काहीही, हिशोब न करता. दोन वर्षांत पाच किलो गेले. कोणालाही दाखवण्यासारखा आकडा नाही. ७६ वर काटा आहे आणि तो तिथेच आहे, एचबीए१सी ५.७. मला पुष्कळ झालं.

आणि एक शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. तुम्हाला कार्ब्ज कमी करून फायदा झाला असेल, तर आनंद आहे. पण समोरच्याच्या ताटातली पोळी उचलण्याआधी त्याच्या गोळ्यांचा डबा बघा. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाच्या भरवशावर दिलेली असतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्या आहेत, त्या चालू असताना कार्ब्ज एकदम तोडले तर रक्तात कीटोन वाढून जिवावर बेतू शकतं. मधुमेह्यांनी धान्य कमी करूच नये असं नाही, पुष्कळांना त्याने फार चांगला फरक पडतो. पण आधी डॉक्टर, मग भात. आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना तर फारच जपून. ती आपलं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं. ती ऐकत असतात.

ऑफिसातल्या त्या मुलाला मी लगेच काही बोललो नाही. सगळे पांगल्यावर त्याच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, "घरी कोणाला साखर आहे का रे?" म्हणाला, "हो, बाबांना. त्यांनाही सुरू करायला लावतोय." मी खुर्ची ओढली आणि त्याला रत्नागिरीची गोष्ट सांगितली. तो गंभीर झाला. म्हणाला, रात्री बाबांच्या गोळ्यांचा फोटो पाठवून त्यांच्या डॉक्टरांना विचारतो. मला बरं वाटलं. चार वर्षांत मी कार्ब्जवर केलेलं हे पहिलंच उपयोगी भाषण असावं.

या मे महिन्यात गावी गेलो होतो. आता आईच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्यात आणि भाताची वाटीही ठरवून दिलीय. स्टीलची छोटी, ती मापानेच घेते. सकाळी तिने माझ्यासमोर मऊभात ठेवला, वर तूप आणि मेतकूट. मग जरा थांबून विचारलं, "चालतो ना रे तुला आता?"

मी म्हटलं, "चालतो गं. तू बस आधी."

ती बसली. दोघं जेवलो.